बदलण्याआधी मोजा

२०१० साली महिंद्राने थार आणली, तेव्हा तिच्या बॉनेटखाली दोन पिढ्यांची डिझेल इंजिनं एकाच वेळी विकली जात होती. डीआय थारमध्ये २५२३ सीसीचं, ६३ अश्वशक्तीचं जुन्या वळणाचं इंजिन. सीआरडीई थारमध्ये २४९८ सीसीचं, १०५ अश्वशक्तीचं कॉमन रेल इंजिन. आकार जवळपास तोच, ताकद मात्र दीडपटीहून जास्त. तालुक्याच्या गावातल्या मिस्त्रीने डीआयचं बॉनेट उघडलं की पंप, नोझल, पाइप, सगळं ओळखीचं. सीआरडीईचं उघडलं की वायरींचा जुडगा, आणि प्रत्येक वायरीच्या टोकाला कपलरमध्ये बसलेला एखादा सेन्सर.

माझगावला विलीज जीप जोडायला सुरुवात झाल्यापासून महिंद्राच्या जीपवर या महाराष्ट्रात मिस्त्रींच्या पिढ्या तयार झाल्या. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून कुठला नोझल ठोकतोय ते सांगणारी ही माणसं. त्यांचा कान आजही तितकाच मोलाचा आहे. पण सीआरडीईत डिझेल किती आणि कधी सोडायचं हे यांत्रिक पंप ठरवत नाही, इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, ठरवतो. आणि ईसीयूला बाहेरचं जे काही कळतं ते फक्त सेन्सरकडून. १९९७ मध्ये अल्फा रोमियो १५६ आणि मर्सिडीजची सी २२० सीडीआय या गाड्यांतून कॉमन रेल डिझेल प्रवासी मोटारीत आलं. पुढच्या दहा-बारा वर्षांत ते आपल्याकडे चिखलात उतरणाऱ्या गाड्यांतही पोहोचलं. तपासण्याची विद्या मात्र त्याच वेगाने पोहोचली नाही. म्हणून आज अनेक गॅरेजांत एकच पद्धत चालते: स्कॅनर लावायचा, कोड वाचायचा, कोडात ज्याचं नाव असेल तो सेन्सर बदलायचा. नाही जमलं तर पुढचा. बिल गाडीमालकाचं.

मला या पद्धतीचा राग आहे, कारण मोजणं फारसं अवघड नाही. एक बरा मल्टिमीटर, चालू आकडे दाखवणारा स्कॅनर, गाडीची वायरिंग डायग्राम आणि थोडा धीर, एवढ्यावर बहुतेक सेन्सरांचा निकाल लागतो.

आधी कोडाविषयी. ईसीयू बहुतेक सेन्सरना पाच व्होल्टचा पुरवठा देतो आणि परत येणारा व्होल्टेज वाचतो. तो ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की कोड नोंदवतो. पी ०११८ म्हणजे कूलंट तापमानाच्या सर्किटमधून आलेला व्होल्टेज वाजवीपेक्षा जास्त. कोडाचं म्हणणं एवढंच. सर्किटमध्ये सेन्सर आहे, दोन वायरी आहेत, कपलर आहे, पिना आहेत, ईसीयूचं टोकही आहे. ताप आहे हे थर्मामीटर सांगतो, कशाने आलाय ते सांगत नाही. कोडाचं तसंच आहे. आणि कोड वाचल्यावर लगेच पुसायचा नाही. त्याच्यासोबत ईसीयूने त्या क्षणाचे आकडे जपून ठेवलेले असतात: इंजिन किती फेऱ्यांवर होतं, किती तापलं होतं, गाडी किती वेगात होती. ते लिहून घेतल्याशिवाय पुसलेला कोड म्हणजे हातातला अर्धा पुरावा घालवणं.

शिकायला सगळ्यात चांगला सेन्सर म्हणजे हाच कूलंटचा. आत एक थर्मिस्टर असतो, तापला की त्याचा रोध कमी होतो. बॉशच्या नेहमीच्या जातीत २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना सव्वातीनशेच्या आसपास मिळतात. गाडीवर असतानाच पहिली परीक्षा होते. इग्निशन चालू ठेवून कपलर काढायचा. स्कॅनरवरचं तापमान उणे चाळीसकडे कोसळायला हवं. मग कपलरच्या दोन पिना वायरीच्या तुकड्याने जोडायच्या. आकडा उलट दिशेला, शंभराच्या बराच वर जायला हवा. (काही ईसीयू दोष दिसताच मनाचा ठरावीक आकडा दाखवतात, तिथे कपलरवर व्होल्टेज मोजावा.) दोन्ही टोकं नीट गाठली तर वायरिंग आणि ईसीयू निर्दोष, संशय सेन्सरवर. गाठली नाहीत तर नवा सेन्सर आणून काहीच साधणार नाही.

संशय पक्का करायला सेन्सर काढून पातेल्यातल्या पाण्यात धरतात. धातूचं टोक पाण्यात, पिना बाहेर कोरड्या, पिनांना मल्टिमीटरचे चिमटे, बाजूला थर्मामीटर. शेगडी पेटवली की आकडा उतरू लागतो: दोन हजार, दीड हजार, हजार. चांगला सेन्सर न अडखळता उतरतो. बिघडलेला मध्येच एका जागी थबकतो, उडी मारतो, किंवा साठ अंशांपर्यंत शहाण्यासारखा वागून पुढे एकदम उघडा पडतो आणि मीटरवर काहीच दिसत नाही. गाडी गरम झाल्यावरच रेडिएटरचा पंखा विनाकारण भणाणत का राहतो, सकाळी का नाही, हे त्या क्षणी डोळ्यांसमोर दिसतं. एखाद्या शिकाऊ मुलाला विद्युत रोध म्हणजे काय ते समजावून सांगायचं असेल तर मला यापेक्षा चांगला धडा माहीत नाही. आयटीआयच्या डिझेल मेकॅनिक वर्गात तो प्रत्येकाने स्वतःच्या हाताने करावा असं मला मनापासून वाटतं.

गाडीमालकाला सगळ्यात जास्त छळतो तो क्रँक सेन्सर. लक्षणं ठरलेली. थंड गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते. तासभर घाट चढल्यावर, इंजिन पुरतं तापल्यावर, झटक्यात बंद. सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पकडत नाही. अर्ध्या तासाने, कोणी काही न करता, पुन्हा चालू. मग डिझेल फिल्टर बदलला जातो, लाइनमधली हवा काढली जाते, पंपावर शंका घेतली जाते. अनेकदा मूळ असतं सेन्सरच्या आतल्या केसासारख्या तारेत: तापल्यावर ती फाकते, गार झाल्यावर पुन्हा टेकते.

हा सेन्सर दातेरी चक्रासमोर बसतो. साठ दातांची जागा, त्यातले दोन मुद्दाम गाळलेले. प्रत्येक दात सहा अंशांचा, आणि ती रिकामी जागा समोरून गेली की पिस्टन कुठे आहे हे ईसीयूला कळतं. म्हणून पहिली परीक्षा फुकटातली: सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम बघायचा. दीडशे-दोनशे दिसला तर सेन्सर बोलतोय, दोष दुसरीकडे शोधा. इंजिन फिरतंय आणि आरपीएम शून्य, तर इथेच थांबा. चुंबक आणि गुंडाळीचा साधा प्रकार असेल तर रोध काही शे ते हजारभर ओहम मिळतो. तो गार असताना मोजायचा आणि हेअर ड्रायरने तापवून पुन्हा मोजायचा. हॉल प्रकारच्या सेन्सरला मात्र ओहममीटर लावू नये. आत इलेक्ट्रॉनिक्स असतं, रोधाच्या आकड्याला अर्थ नसतो. तिथे पुरवठा, अर्थ आणि सिग्नल असे तीन व्होल्टेज तपासायचे. नुसत्या तीन पिना दिसल्या म्हणून हॉल समजू नये. साध्या प्रकारातही तिसरी वायर आवरणाची असू शकते. आणि काढलेल्या सेन्सरचं टोक आधी पुसून बघावं. चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटून त्याची दाढी झालेली असेल, तर नवा आणण्याआधी जुनाच पुसून बसवून बघण्यात शहाणपण आहे.

रेल प्रेशर सेन्सरचं काम वेगळं, कारण इथे जीवाचा प्रश्न आहे. अशा इंजिनांत रेलमधला, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला, दाब १६०० बारपर्यंत चढतो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सोळाशे किलोंच्या आसपास भार. जुन्या इंजिनात कुठला सिलिंडर मार खातोय ते शोधायला मिस्त्री चालू गाडीवर नोझलचं नट सैल करायचे. कॉमन रेलवर ही सवय मोडलीच पाहिजे. त्या दाबाने सुटलेली डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमावण्याची वेळ येऊ शकते. दुखत नसलं तरी तडक इस्पितळ गाठायचं. तपासणी स्कॅनरनेच होते. इग्निशन चालू, इंजिन बंद: सिग्नल अर्ध्या व्होल्टच्या जवळ. आयडलिंगला साधारण अडीचशे ते साडेतीनशे बार. ईसीयूने मागितलेला दाब आणि मिळालेला दाब शेजारी-शेजारी ठेवून पाहायचे. मिळालेला कमी पडतोय म्हणून सेन्सर बदलणारे पुष्कळ भेटतात, पण कित्येकदा सेन्सर खरंच सांगत असतो आणि गळत असतात इंजेक्टर. त्यांच्या परतीच्या नळ्या बाटल्यांत सोडल्या की कुणाची बाटली आधी भरते ते पाच मिनिटांत कळतं.

बूस्ट सेन्सरची चाचणी तर निसर्गच घेतो. इंजिन बंद असताना इनटेकमध्ये बाहेरच्या हवेचाच दाब असतो. अलिबागला तो १०० किलोपास्कलच्या आसपास यायला हवा, महाबळेश्वरला ८६ च्या जवळपास, लेहला ६५ च्या. यात मोठी तफावत दिसली तर टर्बोला हात लावायचं कारण नाही. हवा मोजणाऱ्या मॅफ सेन्सरचं दुखणं बहुधा तेल किंवा धूळ असते, तेल लावलेले हौशी एअर फिल्टर बसवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. ॲक्सिलरेटर पेडलमध्ये दोन सिग्नल असतात आणि अनेक गाड्यांत एक दुसऱ्याच्या दुप्पट. पेडल सावकाश दाबत ते प्रमाण टिकतं का पाहायचं. डिझेल फिल्टरखालचा पाण्याचा सेन्सर दिवा लावतो तेव्हा आधी पाणी काढा. पावसाळ्यात कॅनमधून डिझेल भरणाऱ्यांच्या टाकीत ते खरोखरच असतं.

आणि या सगळ्यांपेक्षा जास्त वेळा दोषी निघते ती वायर. ओढा ओलांडताना तापलेलं इंजिन पाण्यात जातं, कपलरमधली हवा आकसते आणि रबरी सील जुनं असेल तर पाणी आत ओढलं जातं. घरी आल्यावर प्रेशर वॉशरची धार थेट कपलरवर मारली की उरलंसुरलं काम होतं. महिन्या-दोन महिन्यांत पिनांवर हिरवा कळंक चढतो. इंजिन चालू ठेवून, स्कॅनरवर नजर ठेवून, हार्नेस हलक्या हाताने हलवत जायचं. आकडा जिथे उडतो तिथे कपलर उघडायचा. मोजण्यासाठी वायरीच्या आवरणात सुई खुपसू नये, त्या भोकातून पुढच्या पावसात पाणी शिरतं. कपलरच्या मागच्या बाजूने बारीक पिन सरकवावी. विंच, जादा दिवे, कंप्रेसर यांच्या वायरी ज्याने ओढल्या त्याने अर्थ कुठून घेतला तेही बघावं. सेल्फ मारताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन ब्लॉकपर्यंत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला, तर अर्थची पट्टी साफ करून घट्ट करावी. अशा एका पट्टीमुळे तीन-चार सेन्सरांचे कोड एकदम येतात.

बदलण्याची वेळ आलीच तर थोडी शिस्त हवी. बॅटरीची निगेटिव्ह काढायची. कूलंटचा सेन्सर गार इंजिनावरच. रेलचा सेन्सर इंजिन बंद करून, दाब उतरायला वेळ देऊन, आजूबाजूची जागा स्वच्छ केल्यावर. धुळीचा कण आत गेला तर इंजेक्टर खराब होतात. सेन्सर पार्ट नंबरवरून घ्यायचा, दिसण्यावरून नाही. नवी ओ-रिंग, मॅन्युअलमधला टॉर्क. शेवटी कोड पुसून, ज्या परिस्थितीत गाडी अडत होती त्याच परिस्थितीत ती चालवून बघायची. घाटात बंद पडणारी गाडी गॅरेजसमोर चक्कर मारून पास करू नये.

आजची थार नाशिकला तयार होते. त्याच शहरात बॉशच्या कारखान्यात डिझेल इंजेक्टर बनतात. महाराष्ट्रातच घडणारं हे तंत्र गॅरेजात अंदाजाने हाताळलं जावं, हे मला पटत नाही. गाडीमालकांना एकच विनंती. सेन्सर बदलायचा म्हणून सांगितलं गेलं की हुज्जत घालू नका, फक्त विचारा: दादा, रीडिंग किती आलं आणि किती यायला हवं होतं? दोन्ही आकडे मिळाले तर निर्धास्तपणे पैसे द्या, आणि तपासणीची मजुरी वेगळी मागितली तर तीही आनंदाने द्या. आकडे मिळाले नाहीत, तर गाडी दुसऱ्या मिस्त्रीला दाखवा.