टन-माइलची वही

जुहूहून हेलिकॉप्टरने मुंबई हायच्या रिगवर उतरणारा नवा माणूस आधी डेरिककडे मान वर करून बघतो. ड्रिलरच्या केबिनमधल्या वहीकडे त्याचं लक्ष जात नाही. त्या वहीत असतात तारखा, खोली, आकडे, सह्या. पण शेकडो टनांचे पाइप ज्या पोलादी दोरावर लटकतात, त्याचं सगळं आयुष्य तिच्यात नोंदलेलं असतं.

दोर नुसता बघून त्याचा थकवा कळत नाही. म्हणून त्याची मेहनत मोजतात. एक टन वजन एक मैल हललं की एक टन-माइल. ट्रिप म्हणजे पाइप भोकातून बाहेर काढून पुन्हा उतरवणं, ड्रिलिंग, केसिंग म्हणजे भोकाला आतून लावायचे पोलादी नळ उतरवणं, प्रत्येकाचा हिशेब वेगळा. बेरीज ठरलेल्या आकड्याजवळ आली की 'स्लिप अँड कट'. ट्रॅव्हलिंग ब्लॉक टांगून ठेवायचा, रिळातला नवा दोर पुढे सरकवायचा आणि ड्रमकडचा जुना तुकडा कापायचा. किती कापायचा यातही मेख आहे. तुकडा ड्रमच्या घेराच्या नेमक्या पटीत असला, तर झिजलेली जागा पुन्हा झिजणाऱ्याच ठिकाणी येऊन बसते.

खरी खडाजंगी वेळेवरून होते. हे काम बिट केसिंगच्या शूमध्ये, म्हणजे केसिंगच्या खालच्या टोकाशी, आणूनच करायचं, कारण उघड्या भोकात पाइप स्थिर ठेवला तर अडकू शकतो. एका रात्री आमच्या कंपनी मॅनला, म्हणजे तेल कंपनीच्या रिगवरच्या प्रतिनिधीला, आणखी थोडं खोदायचं होतं. ड्रिलरने वही पुढे सरकवली. ‘‘साहेब, अजून खोदलं तर शूपर्यंत वर येतानाच मर्यादा ओलांडू.’’ साहेबांनी दोनदा बेरीज केली आणि पाइप वर घ्यायला सांगितलं. त्या ड्रिलरबद्दल मला आजही आदर वाटतो.

अशी कामं पुढे ढकलत गेलं, की ती तुंबायला वेळ लागत नाही. सप्टेंबर २००९ च्या तपासणीत ‘डीपवॉटर होरायझन’ रिगवर देखभालीची ३९० कामं मुदत उलटून पडलेली आढळली होती. २० एप्रिल २०१० च्या स्फोटात तिथली ११ माणसं गेली. स्फोटाची कारणं अनेक होती, पण ती यादी वाचल्यापासून ‘पुढच्या वेळी बघू’ हे मला ऐकवत नाही.

वहीत मी सगळ्यात आधी समास वाचतो. अडकलेला पाइप जारने, म्हणजे हादरे देणाऱ्या अवजाराने, ठोकून सोडवला, की दोराला बसलेले हादरे साध्या हिशेबात पुरते उतरत नाहीत. जाणता ड्रिलर बाजूला लिहितो : ‘बराच वेळ जारिंग. पुढचा कट लवकर.’ बारा तासांनी येणाऱ्या ड्रिलरने ते हादरे अनुभवलेले नसतात. एकदा अशीच ओळ वाचून दुसऱ्या पाळीने मर्यादेच्या बऱ्याच आधी दोर कापला. तुकडा उसवून पाहिला, तर आतल्या कितीतरी तारा तुटलेल्या होत्या.