पदर खोचा आणि पायडल मारा!

मैत्रिणींनो, आपल्यापैकी बऱ्याचजणींना सायकल येते. शाळेत असताना शिकलो, गुडघे फोडून घेतले, कॉलेजलाही तिच्यावरूनच गेलो. मग लग्न झालं. माहेरची सायकल धाकट्या भावाकडे राहिली, आणि सासरी कुणी विचारलंच नाही, "अगं, तुला सायकल येते का?" वीस-पंचवीस वर्षं अशीच निघून गेली.

कोजागरीच्या रात्री साताऱ्यात आमच्या गच्चीवर मसाला दुधाचे पेले घेऊन आम्ही दहा-बाराजणी बसलो होतो. त्याच दिवशी आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, की त्यांच्या बहिणीच्या मुलीची शाळा सुटली. गावात आठवीपर्यंतच शाळा. हायस्कूल सहा किलोमीटरवर. संध्याकाळची एस.टी. शाळा सुटायच्या आधीच निघून जाते. एवढं अंतर मुलीनं एकटीनं चालत यायचं कसं? म्हणून नाव काढलं, आणि आता घरात स्थळांचं बोलणं सुरू झालंय. मुलगी चौदा वर्षांची!

मी हे सांगितलं तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. मग एकजण म्हणाली, "सहा किलोमीटर म्हणजे सायकलवर अर्धा तास की गं!"

झालं! त्या एका वाक्यातून आमची सायकलफेरी निघाली. सातारा ते कोल्हापूर, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, दोन दिवसांत, कऱ्हाडला मुक्काम. आम्ही सायकल चालवायची, ओळखीच्यांनी त्यासाठी पैसे द्यायचे, आणि त्यातून अशा मुलींना सायकली घ्यायच्या. आमच्यातली एकही त्याआधी सलग दहा किलोमीटर गेलेली नव्हती. तेव्हा पुढे जे सांगते आहे ते चुका करून शिकलेलं आहे, बरं का!

एका सायकलीनं काय होतं?

हा प्रश्न तुम्हांला घरीही विचारतील, म्हणून उत्तर तयार ठेवा. बिहार सरकारनं २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी दोन हजार रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा योग्य वयात हायस्कुलात जाणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. आणि जिथं शाळा लांब, तिथंच फरक जास्त.

तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरतेची मोहीम चालू होती. तिच्यात अक्षरओळखीबरोबर बायकांना सायकलही शिकवली. शेतमजूर बायका, अंगणवाडीच्या ताया, लेकुरवाळ्या, अशा हजारोजणी सायकलवर बसल्या. पाणी आणणं, माल बाजारात नेणं, मुलांना शाळेत सोडणं, कशासाठीच मग पुरुषमाणसाची वाट बघावी लागेना. आणि आपल्या पुण्याची वेदांगी कुलकर्णी तर २०१८ साली, विसाव्या वर्षी, सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. आपल्याला कोल्हापूरच गाठायचंय!

आधी डॉक्टर, मग दुकान

रक्तदाब, मधुमेह, गुडघ्याचं किंवा कंबरेचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि काहीही दुखत नसलं तरी हिमोग्लोबिन तपासाच. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरांतल्या सत्तावन्न बायकांना रक्तक्षय आढळला होता. बारापेक्षा कमी आलं तर डॉक्टर सांगतील ते उपचार आधी. आमच्यातल्या एकीचं साडेआठ निघालं. दम लागतो तो वयामुळे, असं ती चार वर्षं समजत होती!

सायकल महागच हवी असं नाही. गिअरची असली तर चढाला सोपं जातं. मुलाची पडून असेल तर तीही चालेल, पण मापाची हवी. मधल्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहिलं, की दांडी आणि आपण यांत दोन बोटं अंतर राहायला पाहिजे. सीटची उंचीही बघा. टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली नेलं, की गुडघा सरळ व्हावा. म्हणजे प्रत्यक्ष चवड्यानं पायडल मारताना तो किंचित वाकलेला राहतो. आपण बायका पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतो आणि मग महिनाभर गुडघे चोळत बसतो.

साखळी पंधरा दिवसांनी जुन्या फडक्यानं पुसून तेल द्या. सायकलचं तेल नसलं तर शिलाई मशीनचं वेळेला चालतं. मात्र वरचं तेल पुसून घ्या, नाहीतर त्यावर धूळ बसते आणि सलवारीला डाग पडतात. टायरमध्ये हवा किती भरायची ते टायरवरच लिहिलेलं असतं.

बारा आठवडे सराव

दिवाळीचा फराळ संपला आणि आम्ही सुरुवात केली. आठवड्यातून तीन दिवस: दोनदा अर्धा-पाऊण तास आणि रविवारी लांब. पहिला रविवार संगम माहुली, जाऊन-येऊन दहा किलोमीटर. पुढे दर रविवारी अंतर थोडं थोडं वाढवायचं, आणि तीन आठवडे वाढवलं की चौथ्या आठवड्यात थोडं कमी करायचं, म्हणजे शरीराला सवय होते. मग कोरेगाव, आणि शेवटी उंब्रजला जाऊन परत, जवळजवळ सत्तर. ठरलेल्या दिवसाच्या अंतराएवढं एकदा जमलं, की मनातली भीती निम्मी जाते. शेवटच्या आठवड्यात मात्र हलकंच चालवा. राहिलेला सराव त्या आठवड्यात भरून काढायला गेलात तर पाय ऐन वेळी रुसतात.

चढ दिसला की तो सुरू व्हायच्या आधीच हलका गिअर टाका. अर्ध्या चढावर, पाय अडल्यावर गिअर बदलायला गेलं की साखळी उतरते. आणि उतरून सायकल हातात धरून चढ चढलात, तरी त्यात काही कमीपणा नाही हं.

सकाळचं घर कोण सांभाळणार?

खरी अडचण सव्वापाचला उठण्याची नाही. ती आहे चहा, डबे आणि पाणी भरण्याची. कणीक रात्रीच मळून ठेवणं, भाजी चिरून ठेवणं हे आपल्याला येतंच. पण सगळंच आदल्या रात्री करून ठेवायचं म्हटलं तर झोपायचं कधी? दुसऱ्या आठवड्यात मी थकून गेले. शेवटी घरी स्पष्ट सांगितलं, "रविवारचा नाश्ता तुम्ही बघायचा." पहिल्या रविवारी पोह्यांचा लगदा झाला. चौथ्या रविवारी मुलाचे पोहे माझ्यापेक्षा बरे झाले. तेव्हा मैत्रिणींनो, सरावाच्या वेळापत्रकात हेही लिहून टाका.

अंगावर काय, पोटात काय

ओढणी चाकात जाते, म्हणून ओढणी नको. गुडघ्याखाली येणारा कुडता नको. घोळदार सलवार नको. घट्ट लेगिंग आणि आखूड कुडता उत्तम. आत घालायची गादीची सायकल-चड्डी मिळते, ती नुसतीच घालायची, तिच्याखाली दुसरं काही नाही. हे दुकानात कुणी सांगत नाही आणि आपण विचारत नाही. मांड्या घासतात तिथं व्हॅसलीन लावा. वेणी खाली, मानेजवळ घाला, म्हणजे हेल्मेट नीट बसतं. हेल्मेटशिवाय गल्लीतसुद्धा जायचं नाही. काचेच्या बांगड्या काढून ठेवा.

खाण्याचा नियम एकच: भूक लागायच्या आधी खा. दर पाऊण तासानं दोन घास. केळं, खजूर, गूळ-शेंगदाणे, चिक्की, दशमी. बाजारची महागडी पाकिटं लागत नाहीत. बाटलीत लिंबाचं सरबत, त्यात मीठ आणि साखर हवीच. नवा पदार्थ फेरीच्या दिवशी पहिल्यांदा खाऊन बघू नका.

आणि आता एक न बोलली जाणारी गोष्ट. "वाटेत सोय नाही" म्हणून आपण पाणीच पीत नाही. उन्हात सायकल चालवताना हे फार वाईट. डोकं दुखतं, पायांत गोळे येतात, लघवीची जळजळ सुरू होते. त्यापेक्षा आधी एकदा गाडीनं रस्ता बघून या आणि कुठल्या पेट्रोल पंपावर, कुठल्या हॉटेलात बायकांची सोय स्वच्छ आहे ते वहीत लिहून ठेवा. आम्ही दर पंधरा किलोमीटरची एक जागा लिहिली होती. पाळीची तारीख जवळ असेल तर त्याचीही तयारी पिशवीत असू द्या.

पंक्चर काढणं म्हणजे ठिगळ लावणंच

ट्यूब बाहेर काढा, हवा भरा, पाण्याच्या घमेल्यात फिरवा. बुडबुडे येतील तिथं भोक. जागा कोरडी करून पॉलिश पेपरनं घासा, सोल्यूशन लावा आणि दोन-चार मिनिटं थांबा. ते बोटाला जरासं चिकट लागू लागलं की मगच पॅच दाबून बसवा. घाई केली की निघतो. ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा, कारण बाभळीचा काटा तिथंच बसलेला असतो. आम्ही प्रत्येकीनं घरी दोन-दोनदा हे केलं. फॉल-पिको करणाऱ्या हातांना हे काय अवघड?

उसाच्या ट्रॉलीपासून जपा

आपल्या भागात थंडीचे दिवस म्हणजे गळिताचा हंगाम. उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या रस्त्यावर. मागे दिवा नसतो, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, आणि गाण्यांच्या आवाजात घंटी ऐकू जात नाही. डिसेंबरमध्ये संध्याकाळी परतताना अशीच एक ट्रॉली मला ओलांडून गेली. उसाचं टोक हँडलला लागलं आणि मी खडीवर आपटले. गुडघ्याला पाच टाके पडले.

घरी आल्यावर व्हायचं तेच झालं. "या वयात कुणी सांगितलंय? पैसे हवेत तर असेच द्या ना!" म्हणणाऱ्यांचं काही चूक नव्हतं. मलाही वाटलं, पुरे झालं. अंधार पडायच्या आत घरी यायचं, मागे लाल दिवा लावायचा, अंगात चकाकणारं जाकीट घालायचं, हे सगळे नियम मीच त्या दिवशी मोडले होते.

दोन दिवसांनी सासूबाई खोलीत आल्या. वय एक्क्याऐंशी. त्यांनी कनवटीची पाचशेची नोट माझ्या हातावर ठेवली. म्हणाल्या, "आमची शाळा नदीपलीकडं होती. चौथीनंतर मला धाडलं नाही. गणितात पहिली होते मी." एवढंच बोलल्या आणि गेल्या. तेवीस वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. टाके निघाल्यावर आठवड्यानं मी पुन्हा सायकलवर बसले. सूर्य मावळल्यावर मात्र एकदाही नाही.

मागायची लाज वाटते?

वाटते, मलाही वाटली. त्यावर उपाय: पहिली रक्कम स्वतःची घाला आणि यादीत पहिलं नाव स्वतःचं लिहा. मग "मदत करा" असं मोघम म्हणू नका. "एक साधी सायकल पाच-सहा हजारांना पडते, तुम्ही एक चाक द्याल का?" असं विचारा. नेमकं मागितलं की माणूस नेमकं देतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही यंदा प्लॅस्टिकच्या डब्या लुटल्याच नाहीत. तिळगूळ दिला आणि वाणाचे पैसे डब्यात टाकले. आलेल्या बायकांनीही टाकले.

हिशेब मात्र चोख हवा. दोघींच्या सह्यांचं वेगळं खातं, प्रत्येकाला पावती, आणि शेवटी जमाखर्च सगळ्यांना वाचायला. जेवणाखाण्याचा, मुक्कामाचा खर्च आपल्या खिशातून. जमलेल्या पैशांना हात लावायचा नाही. सायकली कुणाला द्यायच्या तेही आपण ठरवू नका. त्या त्या शाळेतल्या बाईंना, मुख्याध्यापकांना विचारा.

आणि तो दिवस

रथसप्तमी झाल्यावरचा शनिवार. उजाडता उजाडता आम्ही नऊजणी निघालो. एका ओळीत, डावीकडून, मागे सामानाची गाडी. सगळ्यांत हळू चालवणारीला पुढे ठेवलं, म्हणजे कुणी मागे पडत नाही. दुपारपर्यंत कऱ्हाड. संध्याकाळी प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयनेच्या पाण्यात पाय सोडून बसलो, तेव्हा कुणालाच उठवेना.

दुसरा दिवस जड गेला. दोनदा पंक्चर, दोन्ही आम्हीच काढली. समोरून वारा. वारणेचा पूल ओलांडल्यावर एकीनं रडून घेतलं आणि मग चिक्की खाऊन पुन्हा निघाली. साडेतीनला पंचगंगेचा पूल आला. अंबाबाईच्या देवळात ओटी भरताना माझे हात थरथरत होते, भक्तीनं की थकव्यानं कोण जाणे!

चौदा सायकली झाल्या. फार नाहीत. जिल्ह्यात अशा मुली किती असतील त्यापुढे तर काहीच नाहीत. पण त्यांतली एक त्या मुलीला मिळाली. सायकल हातात आल्यावर ती काही बोलली नाही. तीनदा घंटी वाजवली फक्त. जूनपासून ती नववीत जाते. स्थळांचं बोलणं थांबलंय. कायमचं थांबलंय असं मी म्हणणार नाही, पण सध्या थांबलंय.

तेव्हा मैत्रिणींनो, माळ्यावरची सायकल खाली काढा, नसेल तर शेजारच्या मुलाची मागून घ्या, आणि पहिल्या रविवारी पाचच किलोमीटर जाऊन या. घरच्यांना सांगा, नाश्त्याचं तुम्ही बघा!