गप्पांनाही गावात जागा हवी

संध्याकाळी पारावर चारचौघे बसलेले दिसले, की जाणारा-येणारा सहज बोलून जातो, "काय मंडळी, कामधंदा नाही वाटतं!" घरीसुद्धा तेच. दळणाच्या निमित्ताने बाई गिरणीवर घटकाभर थांबली, तर "एवढा वेळ कशाला लागला?" हा प्रश्न ठरलेला. गप्पा म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, अशी आपली समजूत आहे. शेतकरी माणूस कष्टाचा. ज्याचे माप पोत्यात किंवा पैशांत होत नाही, ते त्याला काम वाटत नाही. परंतु वाचकहो, या समजुतीचा एकदा नीट विचार करायला हवा.

बोलता बोलता निघते ते

गप्पांचा विषय कोणी ठरवत नाही. पावसावरून निघालेले बोलणे सोयाबीनच्या भावावर येते, तिथून कोणाच्या बैलजोडीवर, मग जत्रेतल्या तमाशावर आणि शेवटी सोयरिकीवर. या भरकटण्यातच गप्पांचा खरा उपयोग आहे. "तुला काही अडचण आहे का?" असे सरळ विचारले, तर बहुतेक जण "छे, बरं चाललंय" म्हणून मोकळे होतात. पण शेजारच्या बोअरला पाणी लागले नाही, असा विषय निघाला, की तोच माणूस हळूच म्हणतो, "आमचंही तसंच झालं बघा. सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करायचं राहिलंय." मग कोणी कागदपत्रांची माहिती देतो, कोणी बियाण्याची एखादी पिशवी देऊ करतो. मदत मागावी लागत नाही आणि कमीपणाही वाटत नाही.

"रामराम, काय म्हणतंय पाऊसपाणी?" असे आपण विचारतो, ते काही माहिती हवी म्हणून नव्हे. पाऊस त्यालाही दिसतो आणि आपल्यालाही. ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की नावाचे अभ्यासक न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवर राहिले होते. तेथील लोकही शेतीच करणारे, कोनफळासारखे कंद पिकवणारे. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मॅलिनोव्स्की यांनी दाखवून दिले, की असे बोलणे माहिती पोचवण्यासाठी नसते, माणसे एकमेकांशी जोडलेली राहावीत म्हणून असते.

आफ्रिकेतील कालाहारी वाळवंटात शिकारीवर आणि कंदमुळांवर जगणारे लोक होते. पॉली विस्नर या संशोधिकेने त्यांच्या बोलण्याचा अभ्यास करून २०१४ साली तो प्रसिद्ध केला. दिवसाच्या बोलण्यात पोटापाण्याच्या गोष्टी आणि तक्रारी पुष्कळ. गोष्टी-कहाण्यांचा वाटा शेकडा ६. रात्री शेकोटीभोवती मात्र तोच वाटा शेकडा ८१. हुरड्याच्या आगटीभोवती बसलेल्यांना हे नवल वाटणार नाही. दिवसा बांधावरून तणतणणारे दोन भाऊ रात्री आगटीजवळ आजोबांच्या आठवणी सांगून हसतात, हे आपणही पाहिलेले आहे.

आजीबाईंचा बाक

झिंबाब्वे देशात मनाच्या आजाराचे डॉक्टर फार थोडे. तेथील डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली हरारे शहरात एक साधी युक्ती केली. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक ठेवले आणि त्यावर वस्तीतल्याच आजीबाईंना थोडे शिक्षण देऊन बसवले. खचलेला माणूस येऊन बसतो, आजी त्याच्याशी घरच्या माणसासारखी बोलते, ऐकून घेते, एका अडचणीवर दोघे मिळून वाट शोधतात. त्या भाषेत या दुखण्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे अति विचार करणे. आपण 'डोक्याला घोर लागणे' म्हणतो, तेच हे. २०१६ साली या कामाची तपासणी प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी, बाकावर बसलेल्यांपैकी शेकडा १४ जणांत उदासीची लक्षणे उरली होती. ज्यांना फक्त नेहमीचे उपचार मिळाले, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ५० होते.

इतक्या दूर जायचे कारण नाही. आपल्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी लोकांशी उदासीविषयी, ताणाविषयी मोकळेपणी बोलायला सुरुवात केली. त्याआधी उदासीने त्रासलेल्या शंभरांपैकी जेमतेम ४ जण मदत घेत होते. पुढे ही संख्या २७ वर गेली, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात आहे. आत्महत्यांनी पोळलेल्या भागात ही गोष्ट लहान नव्हे.

बायकांचा पार कोणता?

पुरुषांना पार आहे, देवळाचा ओटा आहे, बाजारचा दिवस आहे. बायकांना पूर्वी पाणवठा होता, पहाटेचे जाते होते. घरी नळ आला, गिरणी आली, कष्ट कमी झाले, हे फार चांगले झाले. पण त्या कष्टांबरोबर मिळणारी सोबतही गेली. नवी सून माहेरच्या आठवणीने रडते की सासरच्या जाचाने, हे पाणवठ्यावर आपोआप कळत असे. आता ते कुठे कळणार? म्हणून बचत गटाचा हिशेब झाल्यावर लगेच उठू नये. अर्धा तास नुसते बसावे. कुरडया, शेवया, पापड एकटीने न करता चौघींनी मिळून करावेत. आणि घरच्या पुरुषांनी व सासूबाईंनी त्या वेळेचा हिशेब मागू नये.

एवढे पथ्य पाळा

गप्पा आणि चहाडी यांत फरक आहे. जो तिथे बसलेला नाही, त्याच्या घरची उणीदुणी काढणे म्हणजे गप्पा नव्हेत. पत्ते आणि दारूची बैठक म्हणजेही गप्पा नव्हेत. कोणी मनातले बोलला, तर ते पारावरच राहू द्यावे. ऐकताना लगेच उपदेश करू नये; आधी पुरते ऐकून घ्यावे. पोरासोरांनाही जवळ बसू द्यावे, म्हणजे मोठ्यांशी बोलायची त्यांना सवय लागते.

गप्पांनी सगळेच दुखणे बरे होते असे मात्र नाही. माणसाची झोप-भूक उडाली, "मी नसलेलाच बरा" अशी भाषा निघू लागली, तर ती थट्टेवारी नेऊ नये. त्याला एकटे सोडू नये. घरात कीटकनाशकाचा डबा असेल तर तो कुलपात ठेवावा आणि त्याला दवाखान्यात न्यावे. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सेवा मोफत आहे, रात्री-बेरात्रीही मिळते आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक देवळाच्या ओट्याशेजारी भिंतीवर लिहून ठेवला, तरी एखाद्याच्या कामी येईल.

शेवटी एकच सांगणे. रोज पारावर येणारा माणूस आठ दिवस दिसला नाही, तर तो कामात असेल असे म्हणून गप्प बसू नका. दिवेलागणीला त्याच्या घरी जा. काय झाले म्हणून खोदून विचारू नका. "वहिनी, चहा टाका," म्हणा, ओट्यावर बसा आणि पावसापाण्याचे बोलणे काढा. पुढचे तो आपणहून सांगेल.