दोन शिक्षक, पाच वर्ग

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या निकषांनुसार पहिली ते पाचवीपर्यंत साठ मुलांच्या पटास दोन शिक्षक असतात. साहजिकच वाडीवस्तीवरील शाळेत एका शिक्षकास दोन-तीन इयत्ता एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. एका इयत्तेस शिकवीत असता दुसरीने फळ्यावरील मजकूर उतरवून घ्यावयाचा, अशी प्रथा त्यातून पडते. वर्ग शांत असतो. परंतु कोणास किती कळले, याचा पत्ता लागत नाही. दशक-एकक न उमजलेले मूल पुढे भागाकारापाशी अडते आणि हळूहळू शाळेस दुरावते.

कोसबाडचा धडा

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, हे ध्यानी येताच शाळाच कुरणावर नेण्यात आली. परिसरातील वस्तू हीच शैक्षणिक साधने ठरली. मुलाच्या दिनक्रमास अनुसरून शाळेची आखणी करावी, हा या प्रयोगाचा गाभा होय.

वर्गात काय करता येईल?

प्रश्न विचारल्यावर हात वर करणाऱ्या चौघांवर न थांबता सर्वांनी उत्तर पाटीवर लिहून पाटी उंचवावी. कोण अडले, हे शिक्षकास एका दृष्टिक्षेपात दिसते. वाचन व गणिताच्या तासाला इयत्तेऐवजी मुलांच्या तयारीनुसार गट करावेत. एका गटास शिक्षक शिकवीत असता दुसऱ्याने चिंचोके मोजावेत, दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधाव्यात. तिसऱ्यातील मोठ्या मुलाने धाकट्यास गोष्ट वाचून दाखवावी. दोघांचाही त्यात लाभ आहे. तासाची शेवटची पाच मिनिटे मात्र अडलेल्या मुलांसाठी राखून ठेवावीत.

गावाचा वाटा

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. सुगीच्या किंवा स्थलांतराच्या दिवसांत कोणते मूल का येत नाही, याची चौकशी ही समितीच उत्तम करू शकते. शाळेस भेट देणाऱ्या अधिकाऱ्यांनी व पंचायत सदस्यांनीही दप्तर पाहून झाल्यावर मागच्या ओळीतील एखाद्या मुलाजवळ बसावे आणि त्याच्याकडून एक परिच्छेद वाचून घ्यावा. शाळेची खरी स्थिती त्या परिच्छेदावरून कळेल.