नाक्यावर माझीच गाडी का अडवतात?

हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. उत्तर सोपं आहे. तुमचं लायसन्स, पीयूसी, इन्शुरन्स पोलिसांना लांबून दिसत नाही. पण फटाके फोडणारा सायलेन्सर चौकाआधीच ऐकू येतो, आणि ४१४१ चं ‘दादा’ केलेली नंबरप्लेट लगेच नजरेत भरते. म्हणजे थांबवायचं कारण आपणच देतो. मग बाकीचे कागदही तपासले जातात.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही. केलाच, तर कलम १८२-अ मध्ये मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

म्हणून मी सांगतो, सीट कव्हर हवं ते घाला, सायलेन्सर कंपनीचाच ठेवा. बसवणारा पैसे घेऊन मोकळा होतो, पावती मालकाच्या नावाने फाटते.