अक्षरांची राखण

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या हमरस्त्यावर भोसरी लागते. एके काळी शेतीवर जगणारे हे गाव आज कारखान्यांनी गजबजून गेले आहे. लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग अशा यंत्रांचा आवाज येथे रात्रंदिवस चालू असतो. परंतु या गावाच्या आसपास दृष्टी टाकली, तर एक निराळीच गोष्ट ध्यानात येते. ईशान्येस इंद्रायणीकाठी आळंदी आहे. वायव्येस त्याच नदीच्या तीरी देहू आहे. उत्तरेस चाकण आहे आणि त्याच रस्त्याने पुढे गेले, म्हणजे जुन्नरची वाट लागते. आळंदी ज्ञानेश्वरांची, देहू तुकोबांचे, चाकण तुकोबांची वाणी उतरून घेणाऱ्या संताजी जगनाड्यांचे, आणि जुन्नर एके काळी कागदासाठी नावाजलेले. पोलाद घडविणारी ही भूमी पूर्वी अक्षरे घडविणाऱ्यांची होती, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. तेव्हा छापखाने नव्हते. एका पोथीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, अशा हातांनी नकला होत. लिहिणाऱ्याची नजर एक ओळ चुकली, एखादे अक्षर पुसट दिसले, की चूक शिरे. आणि पुढच्या लेखकाला ती चूक आहे, हे कळण्याचा मार्ग नसे. अशा रीतीने तीनशे वर्षांत ज्ञानेश्वरीत पुष्कळ अपपाठ शिरले. अखेर शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, संत एकनाथांनी निरनिराळ्या प्रती ताडून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. एका महाकवीला दुसऱ्याच्या ग्रंथातील एकेक अक्षर तपासण्यासाठी कष्ट घ्यावे लागले, यावरून सुवाच्य आणि शुद्ध लिहिणे हे केवढ्या जबाबदारीचे काम होते, ते दिसून येते.

तुकोबांच्या अभंगांचीही कथा अशीच आहे. संताजी जगनाडे हे चाकणचे तेली. त्यांनी तुकोबांचे अभंग वह्यांत उतरून ठेवले. सुमारे पावणेतीनशे वर्षांनी वि. ल. भावे यांनी त्या वह्यांच्या आधारे तुकोबांचा गाथा दोन भागांत १९१९ व १९२० साली प्रसिद्ध केला. अभंग रचणारा आणि रचना ऐकणारा यांच्यामध्ये लिहिणाराही असतो. त्याचे नाव आपण क्वचित घेतो. परंतु त्याचा हात चुकला असता, तर आपल्याला ते शब्द जसेच्या तसे मिळाले नसते.

म्हणूनच आपल्या पूर्वजांनी लेखनाला एक शास्त्र मानले. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास केवळ लेखनक्रियेलाच वाहिला आहे. त्यात त्यांनी अक्षर सुंदर काढावे, एवढेच सांगितलेले नाही. प्रत्येक सूचनेमागे काही कारण आहे. पानाच्या चारही बाजूंना कोरी जागा सोडावी, असे ते सांगतात. कागद जुना झाला, की तो प्रथम कडांनी झडू लागतो. समास मोकळा असेल, तर कागद झडला तरी अक्षराला धक्का लागत नाही. फार बारीक लिहू नये, असेही ते सांगतात. कारण तरुणपणी लिहिलेले बारीक अक्षर म्हातारपणी वाचता येत नाही. ग्रंथाचे पहिले अक्षर जसे, तसेच शेवटचे दिसावे, अशी त्यांची अपेक्षा आहे. या सर्व सूचना वाचताना ध्यानात येते, की समर्थांच्या डोळ्यांसमोर लिहिणारा नव्हता. त्या पोथीचा पुढचा वाचक होता.

आता हे लेखन प्रत्यक्ष कसे होत असे, ते पाहू. लेखणी बोरूची असे. बोरू म्हणजे देवनळासारखा आतून पोकळ असा वाळलेला कांडा. चाकूने त्याचे टोक तिरपे तासावयाचे, मधोमध एक बारीक चीर द्यावयाची आणि मग टोक छाटून त्याला धार आणावयाची. या छाटणीला ‘कत’ म्हणतात. कत रुंद असेल तर अक्षर ठसठशीत येते. अरुंद असेल तर बारीक येते. टोक झिजले, की अक्षराचे वळण बिघडू लागते आणि कत पुन्हा द्यावा लागतो. भोसरीच्या कारखान्यात लेथवर काम करणारा टर्नर हे सहज समजू शकेल. हत्याराची धार कोणत्या कोनात घासली आहे, यावर कामाची सफाई अवलंबून असते. हाच नियम बोरूलाही लागू आहे.

शाई घरीच करीत. तेलाच्या दिव्याचे काजळ धरावयाचे, त्यात बाभळीचा डिंक घालावयाचा आणि थोडे थोडे पाणी टाकून ते मिश्रण पुष्कळ वेळ घोटावयाचे. डिंकामुळे काजळ कागदाला धरून राहते. घोटाई कमी झाली, तर शाईत कण राहतात व ती बोरूतून सरळ उतरत नाही. काजळ म्हणजे कोळशाचाच एक अत्यंत सूक्ष्म प्रकार. तो उन्हाने सहसा विटत नाही. म्हणून कित्येक शतकांपूर्वीच्या पोथ्यांतील अक्षरे अजून काळीभोर दिसतात. दौतीत कापूस किंवा चिंधी घालीत. त्यामुळे बोरूला नेमकी हवी तेवढीच शाई लागे.

कागदाचीही सिद्धता करावी लागे. हातकागद मुळात खरखरीत असतो. त्यावर शाई पसरते. म्हणून त्याला खळ लावून वाळवीत आणि मग गुळगुळीत दगडाने किंवा शंखाने घोटून चकाकी आणीत. मराठेशाहीत जुन्नरी व दौलताबादी कागदाची ख्याती होती. घोटलेल्या कागदावर रेघा आखून झाल्या, म्हणजे लेखनाला आरंभ होई.

या काळ्या अक्षरांत रंगही येत. श्लोकाचा आकडा, विरामाचा दंड, अध्यायाचा शेवट इत्यादी ठिकाणी हिंगुळाचा तांबडा रंग वापरीत. ही केवळ शोभा नव्हती. पोथी सलग लिहिलेली असे. तांबड्या खुणेमुळे वाचणाऱ्याला थांबण्याची जागा एकदम दिसे. चूक झाली, तर त्या अक्षरावर पिवळा हरताळ लावून ते झाकीत. ‘एखाद्या गोष्टीला हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यावरूनच आला. श्रीमंत यजमान किंवा देवस्थान यांच्यासाठी लिहिलेल्या पोथ्यांत वेलबुट्टीच्या चौकटी, देवतांची चित्रे, क्वचित सोन्याचाही उपयोग होई. पश्चिम भारतातील जैन कल्पसूत्राच्या काही प्रती तर सोन्याच्या शाईने लिहिलेल्या आहेत. युरोपातही मध्ययुगात मठांतील लेखक वासरांच्या कातड्यावर पिसांच्या लेखणीने लिहीत आणि आद्याक्षरे सोन्याच्या वर्खाने मढवीत. दिव्याच्या प्रकाशात ते सोने चमके. म्हणून या सजावटीला तिकडे ‘उजळणे’ या अर्थाचेच नाव मिळाले.

पोथी संपली, म्हणजे पुष्कळदा लेखक शेवटी एक विनवणी लिहून ठेवी. पाठ, कंबर व मान मोडून, दृष्टी ताणून मी हे लिहिले आहे. तेव्हा तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून हिला जपा, असा तिचा आशय असे. ज्याने कष्ट केले आहेत, त्यालाच अशी विनंती सुचते.

छापखाने आले आणि या विद्येची व्यवहारातील गरज संपली. मोडी लिपीच्या बाबतीत तर त्याचा परिणाम फार गंभीर झाला. मोडी ही जलद लिहिण्याची लिपी. आधी कागदावर आडवी रेघ ओढावयाची आणि मग हात शक्य तितका न उचलता अक्षरे तिच्याखाली लिहीत जावयाची. शिवकाल, पेशवाई व इंग्रजी अंमल यांतील पत्रे, हिशेब, जमिनींचे दस्तऐवज मुख्यतः मोडीत आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळांतून शिकवीत. पुढे ती मागे पडली. आज पुण्याच्या पुरालेखागारात आणि इतर संग्रहांत मोडी कागद कोट्यवधींच्या संख्येने रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. पण ते वाचणारे फार थोडे आहेत. कागद जिवंत आहे, परंतु वाचक नाही, अशी ही विलक्षण अवस्था आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी अशा कागदांसाठी गावोगाव पायपीट केली. त्यांच्या पुढाकाराने १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले.

गेल्या काही वर्षांत ही विद्या पुन्हा शिकण्याची आवड वाढीस लागली आहे. मोडीचे वर्ग भरतात. त्यांत विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, नोकरी करणारी माणसे येतात. काही जण बोरू स्वतः तासून, काजळाची शाई करून, जुन्या पद्धतीने पत्रे लिहून पाहतात. हिंगूळ व हरताळ विषारी असल्यामुळे त्यांच्या जागी ते निर्धोक रंग वापरतात. मोडीच्या वळणांचा अभ्यास करून त्यांतून नवी सुलेखनकला घडविणारे मुंबईचे अच्युत पालव यांना २०२५ मध्ये पद्मश्री हा बहुमान मिळाला.

परदेशांतही अशी आवड आहे. अमेरिकेत १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रोनिझम’ ही मंडळी एकत्र आली. मध्ययुगातील वेश, खेळ, कारागिरी हे सर्व हौसेने पुन्हा करून पाहणे, हा तिचा उद्देश. तिचे सदस्य एकमेकांना जी मानपत्रे देतात, ती हाताने लिहून व रंगवून सजवितात. दिवसा कचेरीत किंवा कारखान्यात काम करणारा माणूस रात्री दिव्याखाली आद्याक्षरावर सोन्याचा वर्ख बसवीत असतो. त्यांच्याही आधी इंग्लंडमध्ये एडवर्ड जॉन्स्टन यांनी जुन्या हस्तलिखितांचा अभ्यास करून रुंद टोकाच्या लेखणीने लिहिण्याची विसरलेली रीत पुन्हा शोधून काढली आणि १९०६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला.

कोणी म्हणेल, की ही निव्वळ हौस आहे. छापील पुस्तक चार पैशांत मिळत असताना एक पान लिहिण्यासाठी दिवस का घालवावा? याचे उत्तर असे, की काही ज्ञान हातांवाटेच येते. बोरूने लिहून पाहिले, की शाई संपत आली म्हणजे अक्षर फिके होते आणि दौतीत बुडविल्यावर पुन्हा गडद होते, हे कळते. मग जुने पत्र हाती आल्यावर लिहिणाऱ्याने बोरू कोठे बुडविला, तो कोठे थांबला, कोणता शब्द मागाहून घातला, हे ओळखू येऊ लागते. केवळ वाचणाऱ्याला जे दिसत नाही, ते लिहून पाहिलेल्याला दिसते.

या हौसेला एक मर्यादा मात्र पाळावी लागते. जुन्या वळणाचे नवे पत्र लिहिले, तर त्यावर आपले नाव व खरी तारीख घालावी. नवा कागद जुना म्हणून पुढे आला, तर तो इतिहासात एक नवा अपपाठ घालतो. आणि असे अपपाठ काढण्यासाठी एकनाथांना केवढे श्रम पडले, ते आपण पाहिलेच आहे.

या परंपरेचा एक थोर नमुना स्वतंत्र भारतानेही निर्माण केला आहे. आपल्या संविधानाची मूळ प्रत छापलेली नाही, ती हाताने लिहिलेली आहे. इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी लिहिली. हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी लिहिली. नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनमधील त्यांचे सहकारी यांनी पाने चित्रांनी व चौकटींनी सजविली. २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेच्या सदस्यांनी त्यावर सह्या केल्या. छापखाना हाताशी असतानाही राष्ट्राने आपले सर्वांत मोलाचे वचन हाताने लिहविले; कारण जे जपावयाचे, ते काळजीपूर्वक लिहावे, ही आपली जुनी समजूत आहे.

भोसरीहून आळंदीला जाणाऱ्या वाटेवर वारकऱ्यांच्या मुखी ज्ञानोबा-तुकोबांचे शब्द आजही ऐकू येतात. ते शब्द एवढा प्रवास करून आपल्यापर्यंत आले, कारण कोणी तरी मान मोडून ते नीट लिहून ठेवले. तुम्ही वहीत समास सोडता, ओळ सरळ ठेवता, चुकलेले अक्षर स्वच्छ दुरुस्त करता, तेव्हा त्या अनामिक लेखकांचेच काम थोडेसे पुढे नेत असता. आपण लिहिलेले कोणाला तरी वाचावयाचे आहे, याचे भान ठेवणे, हेच सुंदर अक्षराचे खरे रहस्य होय.