चेतातंतूला वळण केव्हा कळते?

बोरिवलीहून भायखळ्याला निघालेला माणूस दादरला उतरून गाडी बदलतो. पाट्या प्रत्येक स्टेशनावर असतात. कोणती केव्हा वाचायची, हे त्याला ठाऊक असते. भ्रूणाच्या डोळ्यातून मेंदूकडे वाढणाऱ्या चेतातंतूपुढेही हाच प्रश्न असतो. वाटेत जवळ ओढणारी आणि दूर लोटणारी रसायने असताना आणखी मार्गदर्शक कशाला, अशी शंका येईल. पण पाटी असणे वेगळे आणि ती वाचता येणे वेगळे. 2012 साली बेडकाच्या भ्रूणांवरच्या प्रयोगांत हे फार सुंदर दिसले. नेत्रतंतूचे कोवळे टोक सेमाफोरिन या दूर लोटणाऱ्या रसायनाला आधी दाद देत नाही, कारण ते ओळखणाऱ्या प्रथिनाचे जनुक दाबून ठेवलेले असते. मायक्रोआरएनए-124 हा सुमारे 20 अक्षरांचा रेणू त्या दाबणाऱ्या यंत्रणेच्याच एका घटकाची निर्मिती घटवतो. दाब सैल होतो, प्रथिन तयार होते, टोकाला रसायन जाणवू लागते. हा रेणू काढून घेतल्यावर ती जाणीव उशिरा आली आणि तंतू वाट चुकले.

मायक्रोआरएनएचा परिणाम बहुधा सौम्य असतो, हा आक्षेप रास्त आहे. मात्र इथे प्रश्न वेळेचा आहे आणि थोडा उशीरही पुरतो. 1993 साली सूक्ष्म कृमीत सापडलेला लिन-4 हा पहिला मायक्रोआरएनएही वाढीचे वेळापत्रकच सांभाळतो. मायक्रोआरएनएच्या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना 2024 चे नोबेल मिळाले.